हिरामण पेंटरच्या ईचा तुरा

नेरूळजवळच्या सारसोळ्याच्या जेट्टीवर हिरामण पेंटरची ई ओळखायला वाचता यावं लागत नसे. जन्मभर अंगठा उठवलेल्या म्हाताऱ्यासुद्धा भरतीच्या पाण्यावर डुलणाऱ्या होड्यांकडे लांबून बघत आणि सांगत, "ती हिरामनची ई, आनि ती बाजूची कोना दुसऱ्याची." होडी म्हटली की तिच्यावर ई असणारच. या खाडीवरच्या होड्यांची नावं घ्या: आई एकविरा, आई गावदेवी, आई माऊली, नाहीतर नुसतीच आई. एखादा हौशी बायकोचं नाव टाकतो, पण तोही वर बारीक अक्षरात आईला नमस्कार घालून ठेवतो, उगाच पाण्यात भानगड नको म्हणून. त्यामुळे एका माणसानं उभ्या आयुष्यात एकच अक्षर सगळ्यात जास्त वेळा काढलं असेल, तर तो हिरामण.

त्याची ई होती तरी कशी? पोट भरलेलं, कंबर बारीक, शेपटी जराशी वळून वर उचललेली, आणि डोक्यावर तुरा. इच्या माथ्यावर तो रफारासारखा आकडा चढतो ना, तोच. शाळेतले गुरुजी त्याला काय म्हणायचं ते म्हणोत. हिरामण तुरा म्हणायचा, मग गावही तुराच म्हणू लागलं. हा तुरा तो एका दमात काढी. श्वास आत घेतला, ब्रश टेकवला, मनगट फिरलं, श्वास सोडला, झालं काम. बाकीचे पेंटर हात हलू नये म्हणून मनगटाखाली आधाराची काठी धरतात. हिरामणनं ती कधी धरली नाही. "काठी म्हाताऱ्यांनी धरायची," असं तो ऐन जवानीत चारचौघांत बोलून गेला होता. माणसानं जवानीत असलं बोलू नये. बोललेलं कुठं जात नाही, ते वाट बघत बसतं.

बापाची भातशेती होती, एक मिठागरही वाट्यानं होतं. नेरूळ-वाशीचं नवं शहर आलं आणि त्यात जमीन गेली. जमिनीच्या बदल्यात पुढं प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, भाडेकरू आले, म्हणजे उपाशी कुणी मेलं नाही. पण विशीतल्या पोराच्या हातात विळा होता तो गेला, आणि आता या हातात काय धरायचं हे कुणी सांगेना. तेव्हा हिरामणनं ब्रश धरला. उरणला रावसाहेब पेंटर म्हणून एक तिरसट माणूस होता, त्याच्याकडे तो शिकायला राहिला. रावसाहेबांनी त्याला अक्षर म्हणून शिकवलंच नाही. नुसती उभी काठी. वरून खाली एक रेघ, सरळ, सारख्या जाडीची, की पुसून परत. हिरामण कंटाळला. "अक्षरं कधी?" त्यानं विचारलं. "काठी आली की जगातली सगळी अक्षरं आली," रावसाहेब म्हणाले, आणि त्याच्या डोक्यात ब्रशाची दांडी हाणली.

हे खरं किती ते त्याला पुढं कळलं, कारण नेरूळ-वाशीला तेव्हा अख्खा देश राहायला येत होता आणि जो तो आपल्या अक्षरात पाटी मागत होता. हिरामणला वाचता येत होतं ते मराठी, आणि अडखळत इंग्रजी. पण पाटी रंगवायला वाचता कशाला यावं लागतं? मालक कागदावर लिहून देई, हिरामण बघून काढी. एपीएमसी मार्केटात धान्याच्या गाळ्यावर ईश्वरलाल नावाचे व्यापारी होते, त्यांनी गुजरातीत नाव मागितलं. बघतो तर ई आपलीच, फक्त डोक्यावरची आडवी रेघ नाही. डोक्यावरची टोपी काढून ठेवलेल्या पाव्हण्यासारखी ती त्याला वाटली. नेरूळच्या इडलीवाल्यानं तमिळ पाटी करून घेतली, तिथं இ हे त्यांच्या इचं अक्षर मांडी घालून जेवायला बसलं होतं, काठीचा पत्ताच नाही, नुसती वळणं. ते जमेना म्हणून हिरामणनं दोनदा पुसलं, आणि इडलीवाल्यानं त्याला तोवर सांबार पाजून पाजून बेजार केलं. मग इब्राहिमशेठचं बिर्याणीचं दुकान. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, एवढंच त्याला ठाऊक. पण नावाच्या सुरुवातीला उभी होती ती चक्क रावसाहेबांची काठी. एकटी, सरळ, कुणाला न टेकता. आणि उरणजवळच्या मोऱ्याच्या बंदरावर बर्फाच्या गाड्यांवर इंग्रजी मोठा I, ट्रॉलरांच्या नंबरांत सुरुवातीलाच तो I. तीही काठीच. धाकटा i म्हणजे काठीच्या डोक्यावर टिकली. त्या टिकलीचं हिरामणला भारी कौतुक. "एवढासा जीव, पन टिकली लावल्याशिवाय भायेर पडत नाय," असं तो बायकोला, विमलबाईला, सांगायचा, आणि ती म्हणायची, तुमचं आपलं कायतरीच.

पण पाट्या पोटासाठी होत्या. नाव झालं ते तुऱ्यामुळे.

त्याचं असं झालं. जनार्दन नावाचा त्याचा जिवलग दोस्त. जनार्दननं पहिली स्वतःची होडी बांधली, 'आई गावदेवी'. नारळी पुनवेला ती पाण्यात घालायची होती. आदल्या दिवशी हिरामण होडीच्या नाळेवर, म्हणजे पाणी कापत जाणाऱ्या टोकावर, नाव रंगवत बसला आणि तांबडा रंग संपला. ईचा तुरा तेवढा राहिला. सकाळी पूजा झाली, जनार्दनच्या बायकोनं ओवाळलं, पोरं होडीला खांदे लावायला लागली, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. हिरामण कुठूनतरी रंग घेऊन धावत आला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून, सगळ्या गावादेखत, त्यानं एका दमात तुरा काढला. होडी सुटली. त्या साली जनार्दनच्या जाळ्यात असा जिताडा लागला की विचारू नका. झालं! दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला तुरा पुनवेच्या सकाळीच हवा होता. बाकी नाव आधी कधीही रंगवा, कुणीही रंगवा. तुरा पूजेनंतर, घरच्या बाईनं ओवाळल्यावर, आणि तो हिरामणच्याच हातचा. तो लागेपर्यंत होडीला कुणी हात लावत नसे. रंगाचा डबा संपल्यामुळे पडलेली रीत आहे, हे हिरामणला पक्कं माहीत होतं. पण माणूस स्वतःच्या हातानं पाडलेल्या रितीचासुद्धा भक्त होतो. हळूहळू त्यालाही वाटायला लागलं की तुऱ्याशिवाय आई उघड्या डोक्यानं समुद्रात जाते.

दर पुनवेला तो घरी यायचा तेव्हा बोटं तांबडी झालेली असत. विमलबाई रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन दारात बसलेली असे. ती एकेक बोट धरून रंग काढायची आणि आज किती होड्या झाल्या ते विचारायची. त्यांच्या संसारात दोघांनी निवांत एकमेकांचा हात धरावा अशी वेळ वर्षातून हीच यायची. पुढं रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं, तरी तिनं एक बाटली जपून ठेवली होती.

मग फ्लेक्स आला. त्याचं रडगाणं गाण्यात अर्थ नाही, सगळ्यांनी ते गाऊन झालंय. हिरामणच्या पाट्या एकामागून एक उतरल्या. त्याचा मुलगा हरेश हुशार निघाला, त्यानं नेरूळातच फ्लेक्स आणि स्टिकर कटिंगचं दुकान टाकलं. हिरामण एकदा बघायला गेला. मशीनच्या बटणावर एका बाजूला उभी काठी आणि दुसऱ्या बाजूला गोल. "काठी दाबली की चालू, गोल दाबला की बंद," हरेशनं सांगितलं. हिरामणला बरं वाटलं. काठीशिवाय तुमचंही चालत नाही तर, असं तो मनात म्हणाला. पाट्या गेल्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं, खोटं कशाला सांगा. घरभाडं येत होतं. होड्या कमी झाल्या होत्या, खाडीत मासाच उरला नव्हता, जनार्दनही वारला होता. पण वर्षातून एक सकाळ त्याची होती. त्या सकाळी जेट्टीवर सगळे त्याच्यासाठी थांबत. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं? कुणीतरी आपल्यासाठी थांबावं, एवढंच.

आणि नेमका हात गेला.

आधी अंगठा. चहाची बशी हातात वाजायला लागली. मग जेवताना भात ताटाबाहेर. हिरामणनं उजवा हात खिशात घालायला सुरुवात केली. लग्नात, मयताला, देवळात, हात खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याची मूठ खरोखरच झाकलेली होती आणि खिशात माशासारखी फडफडत होती. विमलबाईपासून काही लपलं नव्हतं. तिनं हट्टानं त्याला वाशीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई वयानं हरेशपेक्षा लहान. तिनं कागद आणि पेन पुढं सरकवला. "काका, एक सरळ रेघ मारा. वरून खाली."

हिरामणला हसू आलं. जन्म गेला यात. त्यानं श्वास घेतला, पेन टेकवलं आणि काठी काढली. ती वरून निघाली आणि खाली येईपर्यंत ओहोटीच्या चिखलातल्या पाण्यासारखी वाकडीतिकडी होत गेली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"पेन बराबर नाय तुमचा," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी दुसरं पेन दिलं. मग तिसरं दिलं नाही. कंपवात आहे, गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही, असं तिनं हळू आवाजात विमलबाईला सांगितलं, जसं काही हिरामणच्या कानालाही काही झालं होतं. घरापाशी रिक्षातून उतरल्यावर हिरामण म्हणाला, "गावात कोनाला सांगू नको." आणि विमलबाईनं मान हलवली.

ही त्याची चूक. गावात सांगितलं असतं तर गावानंच काहीतरी तोड काढली असती. आपल्या लोकांत एवढी माणुसकी अजून आहे. चारजणांनी हात धरून तुरा काढून घेतला असता, नाहीतर म्हटलं असतं, काका, यंदा नुसता टिळा लावा. पण सांगायचं कसं? काठी म्हाताऱ्यांनी धरायची म्हणणारा माणूस तो. त्यामुळे गेल्या साली नारळी पुनवेला तो गेला, आणि जाण्याआधी ताडीचे दोन पेले पिऊन गेला. ताडीनं हात थोडा बसतो, हे त्यानं स्वतःच शोधून काढलं होतं. होडी आता एकच उरली होती तुऱ्याची रीत पाळणारी, जनार्दनच्या पोराची, दिपेशची. दिपेश ऐरोलीला कंपनीत कामाला, पण बापाची खूण म्हणून होडी ठेवलेली, रविवारी जाळं टाकायचा. नावही तेच, 'आई गावदेवी', होडी तेवढी नवी. जनार्दनच्या बायकोनं, सत्यभामानं, ओवाळलं. हिरामणनं श्वास घेतला आणि तुरा काढला.

तुऱ्याला तीन लाटा आल्या.

ताशावाल्याच्या काठ्या वरच्या वर थांबल्या. मग मागून कुणीतरी "वाऽ काका!" म्हणालं, ताशा वाजला, होडी सुटली. हिरामणला ताडीची धुंदी होती आणि "वाऽ" त्याला ऐकू आलं होतं. तो खूश होऊन घरी आला. विमलबाईनं बोटं पुसली. ती गर्दीच्या मागं उभी राहून सगळं बघून आली होती, पण तसं बोलली नाही.

त्या वर्षी दिपेशच्या जाळ्यात काही लागलं नाही. कुणाच्याच लागलं नाही. वरून कुठून कुठून घाण पाणी खाडीत येतं, मासा तरी काय करेल? पण दिवाळीच्या सुमाराला बाजारात सत्यभामा कुणाला तरी सांगत होती, "तुराच हालला गो, मग आई कशी पावंल?" विमलबाई मागं उभी राहून भाजी घेत होती. तिनं भाजी तिथंच सोडली आणि घरी आली. हे तिनं हिरामणला सांगितलं नाही. हरेशला सांगितलं.

शिमग्याच्या सुमाराला हरेश एका दुपारी घरी आला आणि म्हणाला, "बाबा, ती फळी जरा खाली काढू का? फोटो काढायचाय."

ती फळी म्हणजे जनार्दनच्या पहिल्या होडीच्या नाळेची. होडी मोडीत निघाली तेव्हा जनार्दननं ती कापून दोस्ताला दिली होती. हिरामणच्या घरात देव्हाऱ्याच्या बाजूला ती लटकत होती, आणि तिच्यावर होती ती ई. धावत येऊन, पाण्यात उभं राहून काढलेली, पहिल्या तुऱ्याची. दरसालचा नवा तुरा नाळेच्या दुसऱ्या बाजूला चढे, ही बाजू जनार्दननं पुन्हा कधी रंगवू दिली नव्हती. हिरामणला त्याहून चांगली ई नंतर कधी जमली नव्हती. बापाच्या कामाचा फोटो पोराला हवा झाला याचंच त्याला भरून आलं. दुकानात लावणार असेल, त्याला वाटलं. त्यानं स्वतः फळी उतरवली, डाव्या हातानं तेलाचं बोट फिरवून ती चमकवली, उजेडाकडे तोंड करून धरली. "जवळून घे," तो म्हणाला. "तुरा नीट येवदे."

हरेशनं बरेच फोटो काढले. तो बापाकडे बघत नव्हता.

यंदा पुनव जवळ यायला लागली तसा हिरामण गच्चीवर जाऊ लागला. रंग नेला तर भाडेकरू बघतील, म्हणून पाण्याचा तांब्या आणि जुना ब्रश. गच्चीच्या कठड्यावर तो पाण्यानं उभ्या काठ्या काढायचा. रावसाहेबांकडे काढल्या तशा. ऊन असलं की वाकडी रेघ लगेच सुकून जाई आणि कठडा पुन्हा कोरा होई, जसं काही झालंच नाही. त्याला ते आवडायचं. कधीमधी एखादी काठी सरळ येई. मग तो ती सुकेपर्यंत तिच्यासमोर उभा राही. गोळी घेतल्यानंतर थोडा वेळ हात बरा चालतो हे त्यानं हेरलं होतं. गोळी कधी घ्यायची, पूजा कधी आटोपेल, याची जुळणी त्यानं मनातल्या मनात पन्नास वेळा केली. ताडी यंदा नको. आणि मग एका सकाळी, पुनवेला दोनचार दिवस राहिले असताना, त्याला ती जमली. इची वळणं थरथरली, पण तुरा! श्वास आत, मनगट, श्वास बाहेर. कठड्यावर पाण्याचा तुरा असा बसला की त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून. कुणी नव्हतं. समोरच्या टॉवरच्या काचांवर ऊन होतं, तेवढंच.

खाली येऊन त्यानं विमलबाईला सांगितलं, "जमंल मना."

ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "पाऊस येनार हाय दोन दिस," ती म्हणाली. "जेट्टीवर शेवाल असंल. पाय घसरंल तुमचा. यंदा नका जाव."

"येडी काय तू? मी गेलो नाय तर होरी सुटंल कशी?"

तिनं तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

पुनवेच्या सकाळी हिरामणनं धुतलेला सदरा घातला. वेळ साधून गोळी घेतली. तांबड्या रंगाचा नवा डबा आणला होता, तो पिशवीत टाकला, आणि चांगला ब्रश, केस बोटांनी सरळ करून, कागदात गुंडाळून घेतला. पामबीच रोड ओलांडून तो जेट्टीवर पोचला. ताशावाले आले होते. बायका नवी लुगडी नेसून उभ्या होत्या. दिपेशनं लांबूनच हाक मारली, "या काका, या! तुमचीच वाट बघत होतो."

तुमचीच वाट बघत होतो. हिरामणची छाती फुलून आली. त्यानं खिशातला हात बाहेर काढला. हात बराच शांत होता. गर्दीनं वाट करून दिली. तो होडीच्या नाळेपाशी आला, आणि थांबला.

'आई गावदेवी' तांबड्या, चकचकीत अक्षरात लावलेलं होतं. ईच्या माथ्यावर तुरा होता.

त्यानं जवळ जाऊन बोट लावलं. रंग नव्हता. प्लास्टिकसारखं गुळगुळीत काहीतरी, कडा पात्यानं कापलेल्या. आणि ती ई त्याची होती. भरलेलं पोट, बारीक कंबर, वळलेली शेपटी, आणि तो तुरा, धावत येऊन पाण्यात उभं राहून काढलेला. त्यात ब्रशाचा एक केस निसटून जी बारीकशी रेघ उमटली होती, तीही होती.

"सरप्राईज!" दिपेश म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "हरेशदादानं कापून दिली. बाबांच्या होडीवरची सेम टू सेम, काका. तुमचीच ई हाय. आता कदी खराब नाय व्हनार, पाण्यानं नाय, उन्हानं नाय."

हरेश बाजूला उभा होता. हातात उरलेल्या स्टिकरची गुंडाळी. "बाबा, तुम्हाला टेन्शन नको म्हणून..." तो म्हणाला आणि गुंडाळी आणखी घट्ट वळली. मग म्हणाला, "मोऱ्याचे लोक पण मागतायत. कॉम्प्युटरमध्ये फाईलला नाव पण दिलंय, हिरामण ई."

हिरामणला खूप काही बोलायचं होतं. परवा गच्चीवर मला जमली होती, हे सांगायचं होतं. पण त्याला साक्षीदार नव्हता. कठडा कधीच सुकून गेला होता. आणि राग धरायचा तर कुणावर? दिपेशला बाप परत मिळाल्यासारखं वाटत होतं. पोरानं बापाची लाज झाकली होती. वाईट वागलं असतं कुणी, तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

"चांगली कापलीस," तो हरेशला म्हणाला.

सत्यभामाचं ओवाळून झालं. मग सगळ्यांनी हिरामणकडे पाहिलं, कारण रीत होती. त्यानं सवयीनं पिशवीत हात घालून डबा काढला आणि झाकणाखाली नखं घातली. दिपेश घाईघाईनं पुढं झाला. "रंग नको काका, स्टिकर खराब व्हईल. नुसता ब्रश फिरवा. कोरडाच. रीत व्हायला पायजे ना."

हिरामणनं डबा परत पिशवीत ठेवला. कागद सोडून ब्रश काढला. मोबाईल वर झाले. त्यानं श्वास आत घेतला, आणि आत्तापर्यंत शांत असलेला हात नेमका तेव्हाच सुटला. ब्रश तुऱ्यावरून गेला, तुऱ्याबाहेर गेला, फळीवर आपटला, परत आला. कुठंही काही उमटलं नाही. तुरा जिथल्या तिथं चकचकत होता. "वाऽ काका!" कुणीतरी ओरडलं, आणि ताशा वाजला. या वेळी ताडी नव्हती, त्यामुळे ते "वाऽ" कसं होतं ते त्याला स्वच्छ ऐकू आलं. गेल्या वर्षीचंही त्याला आत्ता ऐकू आलं.

सत्यभामानं नारळ दिला, तो त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला. होडी सुटली. पोरं कमरेपर्यंत पाण्यात जाऊन ओरडत होती. त्या आरड्याओरड्यात तो एकटाच माघारी निघाला. सिग्नलला गाड्या थांबेपर्यंत पामबीच रोडच्या कडेला उभा राहिला. मग थांबल्या, तरी उभाच होता. पाठीमागून येणाऱ्या कुणीतरी त्याच्या दंडाला धरून रस्ता ओलांडून दिला. कोण ते त्यानं पाहिलं नाही.

दारात विमलबाई बसली होती. शेजारी रॉकेलची बाटली आणि फडकं. बाटलीत तळाशी थोडंच उरलं होतं. तो पायरीवर तिच्यासमोर बसला, पिशवी खाली ठेवली, आणि दरसाल ठेवायचा तसा उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला. बोटं कोरडी होती, नखांतही रंगाचा ठिपका नव्हता.

विमलबाई बोटांकडे बघून जराही दचकली नाही. तेव्हा त्याला कळलं.

"तुला म्हायती व्हतं," तो म्हणाला.

तिनं फडक्यावर रॉकेल ओतलं, होतं तेवढं सगळं, आणि अंगठ्यापासून सुरुवात करून त्याचं एकेक बोट पुसायला लागली.